स्प्लिंट शिकवायचा कसा: पहिल्यांदाच बॅच हाती आलेल्यांसाठी

ऑक्युपेशनल थेरपीच्या (पेशंटला रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून करायच्या उपचारांच्या) विद्यार्थ्यांना स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार, शिकवायची जबाबदारी पहिल्यांदा अंगावर आली की बहुतेक जण स्वतः जसं शिकले तसंच शिकवतात. मधे टेबल, टेबलावर गरम पाण्याचं भांडं, भोवती पोरांचं कोंडाळं. पुढच्या चौघांना दिसतं, मागच्यांना सरांची पाठ दिसते. सर दहा-पंधरा मिनिटांत सुंदर कॉक-अप (मनगट वर उचलून धरणारा स्प्लिंट) काढून दाखवतात, सगळे मोबाइलवर फोटो घेतात आणि मग म्हटलं जातं, "आता तुम्ही करा." करायला घेतलं की कळतं, बघितलेलं हातात उतरलेलं नाही.

हा लेख मराठवाड्यात जिल्हा रुग्णालयात, मेडिकल कॉलेजच्या विभागात किंवा स्वतःच्या क्लिनिकमध्ये विद्यार्थी आणि इंटर्न हाताखाली घेणाऱ्यांसाठी आहे. शिकवायच्या निरनिराळ्या पद्धती कुठे कामाला येतात आणि कुठे तोकड्या पडतात ते सांगते, आणि त्या कोणत्या क्रमाने लावायच्या तेही. माझं मत आधीच सांगून टाकते: आपण सगळा वेळ स्प्लिंट बनवण्यावर घालतो. विद्यार्थी खरा शिकतो तो बनवलेला स्प्लिंट घालून, तो कुठे बोचतो ते बघून, पुन्हा गरम करून दुरुस्त करताना. तुमच्याकडे जेवढे तास असतील त्यातले निदान एक तृतीयांश या दुरुस्तीसाठी बाजूला काढा. बाकी काही कापलं तरी चालेल.

बॅच यायच्या आधी

साहित्याची जुळवाजुळव आठवडाभर आधी करा. लो-टेम्परेचर थर्मोप्लास्टिकची (गरम पाण्यात मऊ पडणाऱ्या प्लास्टिकची) शीट महाग असते आणि आपल्याकडे ती बहुधा मुंबई-पुण्याहून मागवावी लागते, त्यामुळे शीट हाच शिकवण्याचा पहिला टप्पा असं धरून चालू नका. सरावाला रद्दी पेपर, किचन टॉवेल, जुनी एक्स-रे फिल्म आणि प्लास्टरचे बँडेज पुरतात. आधीच्या स्प्लिंटचे उरलेले तुकडे एका डब्यात साठवत चला, ते सोन्याच्या मोलाचे.

गरम पाण्यासाठी पसरट, उथळ, इलेक्ट्रिकवर चालणारं भांडं हवं. खोल पातेल्यात तुकडा दुमडतो आणि स्वतःलाच चिकटतो. बहुतेक शीट ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला मऊ पडतात, म्हणून थर्मामीटर ठेवाच. "हाताला चटका बसला की झालं" असल्या अंदाजाने शिकवलं तर विद्यार्थी तोच अंदाज पेशंटवर वापरतो. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, कॉइलवर आठ दिवसांत पांढरा थर बसतो आणि पाणी तापायला जास्त वेळ लागतो. शक्य असेल तर आरओचं पाणी वापरा, नाहीतर भांडं अधूनमधून लिंबाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्याने उकळून घ्या. लाइट जाणार हे गृहीत धरून प्लास्टरचा तास राखीव ठेवा. वीज गेली की त्या दिवशी प्लास्टर, असं विद्यार्थ्यांनाही सांगून ठेवा म्हणजे तास वाया जात नाही.

बाकी धारदार कात्री, जाड टॉवेल, स्टॉकिनेट (हातावर चढवायची विणलेली नळी), गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन), चिकट पाठीचा वेल्क्रो, फोम आणि त्वचेवर चालणारं मार्कर पेन. कडा गुळगुळीत करायला हीट गन असली तर उत्तम, नसली तर गरम पाण्यात फक्त कड बुडवून अंगठ्याने फिरवता येते.

एका शिक्षकामागे गरम पाण्याच्या टेबलावर एका वेळी सहाच्या वर विद्यार्थी घेऊ नका. बॅच मोठी असेल तर निम्मे पॅटर्नवर (स्प्लिंटचा कागदी आराखडा), निम्मे पाण्यावर.

पायरी पहिली: हात वाचायला शिकवा

पहिला तास गरम पाण्याशिवाय. जोडीदाराच्या हातावर पेनाने खुणा करायला लावा: तळव्यावरच्या दोन आडव्या रेषा, अंगठ्याच्या फुगवट्याभोवतीची रेष, मनगटाची रेष. हाडांचे उंचवटे गोल करून घ्या, विशेषतः करंगळीच्या बाजूचं मनगटाचं हाड. मग मूठ आवळायला आणि सोडायला सांगा. तळव्यावरच्या बोटांकडच्या रेषेच्या पुढे काही आलं तर मूठ पूर्ण मिटणार नाही, हे त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

इथे एक गोष्ट थांबून दाखवा. मूठ मिटल्यावर मुठीत पेन्सिल धरायला सांगा. पेन्सिल मनगटाला समांतर राहत नाही, करंगळीकडे खाली उतरते. तर्जनीमागचं तळव्यातलं हाड करंगळीमागच्या हाडापेक्षा लांब असल्यामुळे ही तिरकस रेष येते, म्हणून स्प्लिंटची पुढची कडही तिरपीच कापायची, अंगठ्याकडे उंच आणि करंगळीकडे उतरती. सरळ कापलेली कड करंगळी आणि अनामिकेला अडवते. हे फळ्यावर सांगून मुलं विसरतात, पेन्सिलीने दाखवलं की विसरत नाहीत.

व्याख्यान या टप्प्यावर उपयोगाचं आहे, पण आखूड. कोन सांगून ठेवा: आरामाच्या स्थितीचा स्प्लिंट असेल तर मनगट २० ते ३० अंश वर उचललेलं, अंगठा तळव्यासमोर उघडा, बोटं सैलसर वाकलेली. हाताची मागची बाजू भाजली असेल तर मामला वेगळा, तळव्याच्या सांध्यात बोटं ७० ते ९० अंश वाकवून पुढचे दोन्ही सांधे सरळ ठेवायचे, कारण त्या स्थितीत सांध्याच्या बाजूचे बंध ताणलेले राहतात आणि आखडत नाहीत. कार्पल टनेलला (मनगटात नस दाबली जाण्याचा त्रास) मनगट जवळपास सरळच. एवढं पुरे. बाकी कोन आजारासोबत शिकवा, यादी पाठ करून घेण्यात अर्थ नाही.

पायरी दुसरी: कागदावर चुकू द्या

पॅटर्न हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. किचन टॉवेल किंवा पेपरवर हात ठेवून बाह्यरेषा काढायची, खुणा उतरवायच्या, लांबी कोपरापासून मनगटापर्यंतच्या अंतराच्या दोन तृतीयांश, रुंदी त्या त्या जागच्या घेराच्या निम्मी. कोपराकडे हात जाड होत जातो, म्हणून पॅटर्नही तिकडे रुंद होतो. नवशिके वरपासून खालपर्यंत एकाच मापाची पट्टी कापतात आणि मग कोपराकडच्या भागात ती अरुंद पडून कड मांसात रुतते.

कागद हातावर ठेवून कोपर वाकवायला सांगा, मूठ मिटायला सांगा, अंगठा करंगळीला लावायला सांगा. जिथे कागद सुरकुततो तिथे प्लास्टिक बोचणार. सुरकुती दिसली की कापा, पुन्हा बसवा. इथे पद्धत म्हणून मला व्हिडिओ आवडतो. वरून, म्हणजे बनवणाऱ्याच्या डोळ्यांच्या जागेवरून घेतलेली दोन-तीन मिनिटांची क्लिप, मोबाइलवर, विद्यार्थी होस्टेलवर दहा वेळा बघू शकतो. पॅटर्न, वेल्क्रोच्या जागा, शीटवर मांडणी या गोष्टी व्हिडिओवर छान कळतात. एकच काळजी घ्या: उजव्या हाताचा व्हिडिओ असेल तर सराव डाव्या हाताचा द्या. उजव्याचा पॅटर्न तसाच उचलून डाव्याला लावणारे दर बॅचमध्ये असतात, आणि तो गोंधळ कागदावर झालेला बरा.

व्हिडिओ जिथे संपतो ती जागाही माहीत असू द्या. मऊ पडलेलं प्लास्टिक किती मऊ, बोटांचा दाब किती, कधी सोडायचं, हे पडद्यावर दिसत नाही. समोरासमोरचा वेळ कमी आहे म्हणून सगळं व्हिडिओवर ढकलणाऱ्यांचे विद्यार्थी बोलतात छान, पण त्यांच्या स्प्लिंटवर बोटांचे ठसे उमटलेले असतात आणि ते ठसे आत टोचतात.

पायरी तिसरी: आधी प्लास्टर, मग प्लास्टिक

पहिला साचा प्लास्टरचा करून घ्यावा असं मी आग्रहाने सांगते. आठ-दहा थरांची पट्टी, साध्या पाण्यात भिजवून हातावर बसवायची. प्लास्टर हळूहळू आवळतं, विद्यार्थ्याला विचार करायला वेळ मिळतो, तळव्याची कमान अंगठ्याने दाबून धरायची सवय लागते. तळव्याला आडवी कमान असते हे शरीररचनेच्या पेपरात सगळ्यांनी लिहिलेलं असतं, आणि तरी पहिला स्प्लिंट सपाट फळीसारखा येतो. प्लास्टर बसताना ऊब सुटते तीही अनुभवू द्या. थर जास्त झाले किंवा पाणी गरम घेतलं तर ती ऊब भाजण्यापर्यंत जाऊ शकते, म्हणून पाणी साधंच.

खर्च वाचतो हा फायदा आहेच, शिवाय ही सामग्री आपल्या भागात पुढेही लागणार आहे. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्याला शीट मिळेलच असं नाही. कुष्ठरोगात आखडलेली बोटं हळूहळू सरळ करण्यासाठी प्लास्टरच्या नळ्या पुन्हा पुन्हा बदलत जाण्याची पद्धत जुनी आणि कामाची आहे. पीव्हीसी पाइपचे चिरून गरम केलेले गटर स्प्लिंटही लोक वापरतात. ते शिकवायचं तर हवेशीर जागेत, हीट गनने जपून, आणि पेशंटच्या अंगावर कधीच आकार द्यायचा नाही, कारण पाइप ज्या तापमानाला वळतो ते कातडीला सोसणारं नसतं.

प्लास्टिकवर आल्यावर पहिली दहा मिनिटं नुसती खेळायला द्या. डब्यातला एकेक तुकडा, गरम पाणी, चिमटा. काही शीट गरम झाली की पारदर्शक होते, काही पांढरीच राहून लोळते. एक प्रकार ओढला तर ताणून परत आखडतो, दुसरा ओढला तसा लोंबत राहतो. काही स्वतःला चिकटतात, काहींवर थर असतो म्हणून खरवडल्याशिवाय जोड बसत नाही. तुकडा पाण्यातून उचलल्यावर कडक व्हायला लागेपर्यंतचे सेकंद मोजायला लावा. जाडी आणि प्रकार यानुसार हा वेळ मिनिटापासून पाच मिनिटांपर्यंत बदलतो. १.६ मिलिमीटरचा तुकडा बघता बघता ताठ होतो, ३.२ मिलिमीटरचा सवड देतो. पंखा चालू ठेवून आणि बंद करून, दोन्ही वेळा मोजा. मे महिन्यात खोलीच तापलेली असते तेव्हा तोच तुकडा जानेवारीच्या सकाळपेक्षा जास्त वेळ मऊ राहतो. विद्यार्थ्याने हे आकडे स्वतःच्या वहीत लिहावेत.

डेमो कसा द्यायचा

"बघा आणि करा" ही पद्धत जलद आहे, त्यापलीकडे तिचं फारसं कौतुक मला नाही. बघणाऱ्याचं लक्ष तयार होणाऱ्या वस्तूवर असतं, हातांच्या हालचालीवर नसतं. पेटन यांची चार पायऱ्यांची पद्धत वैद्यकीय शिक्षणात बऱ्याच ठिकाणी वापरतात, स्प्लिंटला ती फार चपखल बसते. आधी शिक्षकाने नेहमीच्या वेगाने, एक अक्षर न बोलता करून दाखवायचं. मग तेच सावकाश, प्रत्येक कृतीचं कारण सांगत. तिसऱ्या वेळी विद्यार्थी बोलतो आणि शिक्षक फक्त त्याने सांगितलेलं करतो. चौथ्या वेळी विद्यार्थी स्वतः बोलत बोलत करतो.

तिसरी पायरी वगळू नका. विद्यार्थी म्हणाला "आता हातावर ठेवा" की तुम्ही खरंच तसाच ओला, थेंब गळणारा तुकडा ठेवायला निघायचं. तेव्हा त्याला आठवतं की आधी टॉवेलवर टिपायचा होता, आणि पेशंटला लावण्याआधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर चटका बघायचा होता. विसरलेली पायरी तुम्ही शंभरदा सांगण्यापेक्षा अशी एकदा उघडी पडलेली चांगली. अर्थात जोडीदाराच्या हातावर खरोखर गरम तुकडा टेकू द्यायचा नाही, हात वाटेतच थांबवायचा.

तीनदा करून दाखवायचं तर तीन तुकडे लागतील ही शंका रास्त आहे. आकार लक्षात ठेवणारं, म्हणजे पुन्हा गरम केलं की सपाट होणारं साहित्य घ्या आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा वापरा. वेल्क्रो लावू नका, कडा वळवू नका. पाण्यात टाकलं की तो पुन्हा सपाट होतो आणि तास पुढे चालतो.

बॅच मोठी असेल तर वरून मोबाइल लावून चित्र टीव्हीवर टाका. विद्यार्थी समोर उभा राहिला की त्याला सगळं उलटं दिसतं. म्हणून शक्य तिथे त्यांना तुमच्या खांद्यामागून बघू द्या.

पायरी चौथी: जोडीने बनवणं

एकमेकांच्या हातावर करण्याचा मोठा फायदा असा, की ज्याच्या हातावर होतंय त्याला चटका, दाब, कंटाळा हे सगळं कळतं. तोटाही लक्षात ठेवा: वर्गमित्राचा हात निरोगी, सहकार्य करणारा आणि हलवावा तसा हलणारा. पेशंटचा तसा नसतो. म्हणून दुसऱ्या फेरीत जोडीदाराला अडचणी वाटून द्या. एकाने मूठ घट्ट धरून ठेवायची, जशी लकवा झालेल्याची आवळते. दुसऱ्याच्या हाताला कापूस आणि क्रेप बँडेज गुंडाळून सूज आणायची. तिसऱ्याने अजिबात बोलायचं नाही, दुखलं तरी नाही. ज्याच्या हाताला संवेदना नाही त्याला गरम कळत नाही आणि तो तसं सांगतही नाही, हे या खेळात पटकन ध्यानात येतं. अशा हातावर स्टॉकिनेट चढवल्याशिवाय आणि स्वतःच्या कातडीवर ताप तपासल्याशिवाय तुकडा लावायचा नाही, हा नियम तिथल्या तिथे सांगा.

मनगटाच्या उंचवट्यावर जागा ठेवायची असेल तर फोम नंतर आतून चिकटवून उपयोग होत नाही, उलट दाब वाढतो. फोमचा गोल आधी हाताच्या हाडावर ठेवायचा, त्यावरून प्लास्टिक बसवायचं, आणि थंड झाल्यावर तोच गोल आत चिकटवायचा. हे जोडीत दोन्ही प्रकारे करून बघू द्या.

हात कुठल्या स्थितीत धरून साचा घेतला तेही बघायला लावा. तळवा वर ठेवून बसवलं तर गुरुत्वाकर्षण मदत करतं, शीट आपोआप बसते. पण पेशंट काम करतो तळवा खाली करून, आणि हात पालथा झाला की कोपराकडचा भाग वळतो आणि एक कड वर उचलली जाते. प्लास्टिक पूर्ण कडक व्हायच्या आत हात पालथा करून बाजू सारख्या करून घ्यायच्या.

पायरी पाचवी: घालून राहा, मग दुरुस्त करा

सुरुवातीला म्हटलं ते हेच. प्रत्येकाने जोडीदाराने बनवलेला स्प्लिंट आधी अर्धा तास घालायचा, काढायचा आणि लाल डाग बघायचे. वीस मिनिटांत न मावळणारा डाग म्हणजे तिथे दुरुस्ती. नेमकी जागा सापडत नसेल तर हाडाच्या उंचवट्यावर लिपस्टिक किंवा ओलं कुंकू लावा, स्प्लिंट चढवा आणि काढा. आत जिथे रंग उमटला तिथेच तो टेकतोय. तेवढाच भाग गरम करून बाहेर ढकलायचा. इथे नवशिक्या सगळा स्प्लिंट पाण्यात टाकतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. जागेपुरतं गरम करणं हे वेगळं कौशल्य आहे, त्याला वेगळा तास द्या.

मग तो स्प्लिंट घालून संध्याकाळ काढायला सांगा. मेसमध्ये जेवायचं, गाडीची किल्ली फिरवायची, दोरीवर कपडे वाळत घालायचे, रात्री झोपायचं. सकाळी आले की त्यांच्या तक्रारी ऐका, त्या अगदी पेशंटसारख्याच असतात. भाकरी मोडता येत नाही, कारण अंगठ्याच्या बुडाशी कड वर आली आहे. वेल्क्रोचा खडबडीत कोपरा पांघरुणात अडकतो, कारण तो गोल कापलेला नाही. घामाने आत ओशट वास येतो. मला हा तास सगळ्यात प्रिय आहे, कारण इथे कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

याच टप्प्यावर बिघडलेल्या स्प्लिंटचा डबा काढा. असा डबा प्रत्येक विभागात असावा: सरळ कापलेली कड, आखूड कोपराकडचा भाग, सपाट तळवा, उंचवट्यावर बसलेला पट्टा, उलट्या दिशेने ओढणारा रबर. विद्यार्थ्यांना न सांगता एकेक हाती द्या आणि हा घातल्यावर पेशंटला काय होईल ते लिहायला लावा. बनवण्याचा सराव एका तासात एकदाच होतो, डब्यातून दहा दोष नजरेखालून जातात. खर्च शून्य. डोळा तयार करायला मला याहून चांगली पद्धत सापडलेली नाही. मात्र नुसत्या डब्यावर हात तयार होत नाही, तो बनवण्याला जोडूनच वापरा.

पायरी सहावी: पेशंटजवळ

आपल्या भागातले हात कोणते येतात ते विद्यार्थ्याला आधी सांगा. सोयाबीनच्या हंगामात मळणी यंत्रात गेलेली बोटं, कडबाकुट्टीचे अपघात, रसवंतीच्या चरकात सापडलेला हात, कोयत्याने कापलेल्या शिरा, जिनिंगवरची दुखापत, स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या बाया. दंडाचं हाड मोडून मनगट खाली पडलेला तरुण, लकवा झालेले आजोबा. यातला प्रत्येक हात कशावर पोट भरतो हे विचारल्याशिवाय पॅटर्न काढायचा नाही. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीच्या शिक्षणाची सुरुवात केली तेव्हापासून माणसाचं काम हाच आपल्या उपचाराचा गाभा आहे, आणि स्प्लिंट त्याला अपवाद नाही.

शेतमजूर बाईला दिवसा मनगट ताठ धरणारा स्प्लिंट दिला आणि तिला खुरपं धरता आलं नाही तर तो संध्याकाळपर्यंत कोनाड्यात जातो. तिला विचारा, दिवसा कोणत्या कामाला तो चालेल, रात्रीपुरता घातला तर पुरेल का. बांगड्या काढायला नको म्हणणारी बाई आली तर विद्यार्थ्याने हट्ट धरू नये. सूज किंवा ताजी जखम असेल तर बांगड्या काढणं भागच आहे, ते तिला कारण सांगून समजवायचं. तसं नसेल तर त्या कोपराकडे सरकवून, कड कुठे संपवायची ते तिच्याशी बोलून ठरवायचं. कापसाच्या कामावरच्या माणसाच्या वेल्क्रोत तंतू भरतात आणि चार दिवसांत पट्टा सुटायला लागतो. त्याला जुना टूथब्रश वापरून खडबडीत बाजू साफ करायला शिकवा, किंवा बक्कलचा पट्टा द्या.

पेशंटवर शिकवण्यातला मोठा धोका शिक्षकाचे हात हाच आहे. विद्यार्थी अडखळला, पेशंट कण्हला, आणि आपण पटकन तुकडा हिसकावून स्वतः बसवून टाकतो. पेशंटचं भलं होतं, विद्यार्थी मात्र पुन्हा प्रेक्षक होतो. मी एक विभागणी पाळायला सांगते: शिक्षकाने पेशंटचा हात योग्य स्थितीत धरायचा, प्लास्टिकला हात लावायचा नाही. हात नीट धरलेला असला तर विद्यार्थ्याची चूक फार दूर जात नाही. पेशंटला दुखतंय किंवा भाजेल असं दिसलं तर मात्र तत्क्षणी थांबवा, तिथे शिकवणं दुय्यम. पेशंटला आधी विचारा, विद्यार्थी करणार आहे हे स्पष्ट सांगा, नाही म्हणाला तर तो विषय तिथेच संपला.

शिरा जोडलेल्या, टाके ताजे असलेल्या, बोटांवर त्वचा लावलेल्या हातांवर नवशिक्याने हात घालायचा नाही. तिथे सर्जनने सांगितलेले कोन आणि दिवस पाळायचे असतात. विद्यार्थ्याने बघावं, पट्टे कापावेत, वापराच्या सूचना लिहाव्यात.

सूचना देणं हा स्प्लिंटचाच भाग आहे, त्यालाही सराव लागतो. जोडीत करून घ्या, गावाकडच्या बोलीत. "इथं टोचायलंय" म्हटल्यावर पुढे काय विचारायचं, "रात्री काढून ठेवला" म्हटल्यावर न रागावता कारण कसं काढायचं. किती तास घालायचा, कधी काढून हात हलवायचा, कोमट साबणाच्या पाण्याने कसा धुवायचा, आणि आपल्याकडे विशेष करून सांगायची गोष्ट म्हणजे ऊन. परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ वर जातो तेव्हा बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला स्प्लिंट आकार सोडतो. चुलीच्या कडेला आणि तापलेल्या पत्र्यावर तेच होतं. वाचता न येणाऱ्या पेशंटच्या मोबाइलमध्ये स्प्लिंट नीट घातलेल्या हाताचा फोटो काढून द्या, घरचं माणूस तो बघून घालून देतं.

परीक्षा आणि गुण

चकचकीत स्प्लिंटला गुण देण्याचा मोह आवरा. परीक्षेत तो जोडीदाराच्या हातावर घालून मूठ मिटते का, अंगठा करंगळीला लागतो का, कोपर मोकळं वाकतं का ते बघा. कोन गोनिओमीटरने मोजा. मग विद्यार्थ्याला त्याच्याच स्प्लिंटमधले दोन दोष शोधून त्यातला एक समोर दुरुस्त करायला सांगा. माझ्या हिशेबात या दुरुस्तीला आणि सूचनांना मिळून निम्मे गुण हवेत. वेळेचे गुण पहिल्या वर्गात ठेवूच नका, घाई आली की चटका तपासायचा राहतो.

वेळ कमी असेल तर

एकच दिवस मिळाला तर डायनॅमिक (बोट ओढून धरणारे) स्प्लिंट, रबर, स्प्रिंग यांच्या नादी लागू नका. सकाळी खुणा आणि कागद, मग चार पायऱ्यांचा एक डेमो, दुपारी प्रत्येकाचा एक कॉक-अप, अर्धा तास घालणं, उरलेला वेळ दुरुस्ती. पॅटर्नचा व्हिडिओ आदल्या दिवशीच पाठवा. प्लास्टर या दिवशी सोडून द्यावं लागतं, इलाज नाही.

आठवड्याची पोस्टिंग असेल तर पहिले दोन दिवस खुणा, कागद आणि प्लास्टर, तिसरा प्लास्टिकवर कॉक-अप, चौथा पूर्ण दिवस दुरुस्ती आणि दोषांचा डबा, पाचव्या दिवशी आरामाचा स्प्लिंट आणि सहाव्या दिवशी ओपीडीत पेशंट. सत्रभर हाती असेल तर अंगठ्याचा आणि नसांच्या दुखापतीचे स्प्लिंट घ्या. डायनॅमिक सगळ्यात शेवटी, तेही ओढीची दोरी बोटाच्या हाडाशी काटकोनात का हवी हे आधी गोनिओमीटरने दाखवून.

पेशंटला दिलेल्या प्रत्येक स्प्लिंटची वहीत नोंद ठेवायला लावा: तारीख, हात, कोन, कोणत्या कामासाठी दिला, आठ दिवसांनी काय बदललं. ज्या इंटर्नने स्प्लिंट बनवला त्यालाच आठ दिवसांच्या तपासणीला बसवा. त्याची पोस्टिंग तोवर संपत असेल तर तो रकाना भरणाऱ्या पुढच्या इंटर्नने आधीच्याला फोन करून काय बदलावं लागलं ते कळवायचं.